पहिलं माप

सासूबाईंनी थोरलीच्या हातात पाण्याचा पेला दिला तो नेहमीप्रमाणे अर्धाच. बाकी सगळ्यांना काचेचे ग्लास, तिला स्टीलचा पेला. एकवीस वर्षांत या घरात तिला भरलेलं भांडं कुणी दिलं नव्हतं. ती बसली की तिच्या आसपासची किटली, शाईची दौत, फुलदाणी हळूच पलीकडे सरकायची, आणि सरकवणाऱ्याला आपण काही सरकवलं याचा पत्ताही नसायचा. थोरलीनं त्याचं वाईट वाटून घेणं कधीच सोडून दिलं होतं. आज मात्र तो अर्धा पेला तिला बोचला, कारण आज टेबलाचा निकाल लागायचा होता.

टेबल म्हणजे खाली दुकानातलं कटिंगचं टेबल. ते ज्याच्याकडे, तो मास्तर, बाकीचे नुसते शिवणारे. सासऱ्यांचा उजवा खांदा तीन महिन्यांपूर्वी धरला आणि डॉक्टरांनी मोठी कात्री उचलायला सक्त मनाई केली. तेव्हापासून, दुपारचे दोन तास सोडले तर, टेबल धनी नसल्यासारखं पडून होतं. रविवारी दुकान बंद, म्हणून वरच्या खोलीत सगळे जमले होते. मास्तर, म्हणजे सासरे, आरामखुर्चीत, मांडीवर मापवही. शेजारी सासूबाई. समोरच्या बाकावर थोरलीचा नवरा, म्हणजे थोरला, आणि त्याचा भाऊ धाकटा. खिडकीपाशी नणंद आणि जावईबापू.

मापवहीबद्दल काय सांगावं! मास्तर गिऱ्हाइकाला टेप लावत नसत. माणूस दारातून आत आला की एकदा वरपासून खालपर्यंत बघत, छाती, कंबर, बाही, बगलेकडचा मुंढा मनाशी बोलत आणि लिहून ठेवत. तेच माप कायमचं. "पहिल्यांदा येतो तेव्हा माणूस बेसावध असतो, म्हणून खरा दिसतो," ते म्हणत, "दुसऱ्या खेपेला तो पोट आत ओढतो." बँकेतले एक साहेब कोटात मावेनासे झाले, तेव्हा मास्तरांनी वही उघडून त्यांना त्यांचं माप दाखवलं. बिचाऱ्यांनी रात्रीचं जेवण सोडलं ते आज बारा वर्षं सोडलेलंच आहे, आणि मास्तरांची नजर कधी चुकत नाही असं तेच गावभर सांगत असतात. ज्यांना कोट अजिबातच होईनात, ते दुसऱ्या शिंप्याकडे गेले. उरले ते सगळे मापात बसणारे. मग मास्तरांची नजर चुकणार कशी?

त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर घरच्यांची मापं होती. माणूस घरात आल्याच्या पहिल्या दिवशी एक ओळ, बस. सासूबाईंची ओळ सर्वांत जुनी: 'शांत, सांगितलेलं ऐकणारी.' सासूबाईंनी बावन्न वर्षांत कुणाचं काडीइतकं ऐकलं नव्हतं, पण मास्तरांना अजूनही वाटे की आपली बायको तोंडातून शब्द काढत नाही. धाकट्याची ओळ तो तासाभराचा असताना लिहिलेली: 'रडला नाही. धीराचा.' धाकट्याला पाल बघून घाम फुटे. तरी घरात साप निघो की छपरावर कुणी चढो, सगळे त्यालाच पुढे ढकलत, आणि तो डोळे मिटून पुढे जाई.

जावईबापू मात्र सगळ्यांवर कडी होते. ते बाजारात लिलाव पुकारत. सकाळी सहापासून दुपारपर्यंत अखंड तोंड, आणि घरी आल्यावरही तेच. पण पहिल्यांदा या घरी आले त्या दिवशी सकाळी त्यांची दाढ काढलेली होती आणि गालात कापूस होता. ओळ पडली: 'मितभाषी. खोल माणूस.' तेव्हापासून आपला नवरा मोकळेपणानं बोलत नाही, हे नणंदेचं दुखणं होतं. ती ते रडून सांगायची, आणि शेजारी बसून जावईबापू तिची समजूत काढत पाऊण तास बोलायचे.

आणि थोरलीची ओळ होती: 'हात कापरा. कात्री देऊ नये.'

"तर," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीसारखा हळू. मास्तर हळू बोलले म्हणजे राग दाबून बोलतायत, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. ती सावरून बसली.

"टेबल धाकट्याला द्या, बाबा," नणंद लगेच म्हणाली. "कापड कापायला छातीच लागते. एकदा कात्री चालली की परत फिरत नाही. दादा हळवा आहे, हा धीराचा."

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मी? नको ना, ताई."

"बघा, किती निवांतपणे नको म्हणाला," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

"थोरल्याचाच मान पहिला," मास्तर म्हणाले. "गेली अकरा वर्षं दुपारचं कटिंग त्याच्याच नावावर आहे. मी दोन ते चार पडतो तेव्हा."

थोरल्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं पेल्याकडे बघितलं. दुपारचं कटिंग कुणाकडे आहे हे दोघांनाच माहीत होतं. थोरला उत्तम शिवायचा, पण अखंड कापडावर कात्री चालवायचं धाडस त्याला होत नसे. एकदा तो खडूच्या रेघेपाशी कात्री धरून पन्नास मिनिटं उभा राहिला होता. तेव्हा थोरली काजं करता करता उठली, त्याच्या हातातून कात्री घेतली आणि सहा मिनिटांत कोट कापून परत काजांना बसली. काजांचं काम तिच्याकडे होतं, कारण सुई लहान असते, हात थरथरला तरी फारसं बिघडत नाही, असा घरचा हिशेब. सगळ्या दुकानात त्याहून बारीक काम दुसरं नव्हतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि आज तिला ते टेबल हवं होतं. चोरून दोन तासांसाठी नको, सकाळी नवापासून, सगळ्यांदेखत, स्वतःचं म्हणून हवं होतं. धाकट्याकडे गेलं तर दुपारचे दोन तासही जाणार. या विचारानं तिला बसवेना.

"मी बोलू का?" जावईबापूंनी विचारलं, आणि कुणी हो म्हणायच्या आत सुरू झाले. टेबल वहिनींना द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते सांगताना त्यांनी कापडांच्या जातींबद्दल सांगितलं, बाजारातल्या कोबीबद्दल सांगितलं, एका घोड्याचा लिलाव कसा फसला ते सांगितलं, आणि परत फिरून वहिनींवर आले. वीस मिनिटं झाली. सासूबाईंनी मधे उठून कपडे वाळत घातले.

शेवटी ते थांबले.

"हा कधी बोलत नाही," मास्तर म्हणाले. "आज बोललाय, म्हणजे विचार करायला हवा."

नणंदेचे डोळे भरून आले. "आज पहिल्यांदा मन मोकळं केलंत बघा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि त्याच क्षणी धाकट्याची बाजू सोडून वहिनीच्या बाजूला आली. धाकट्यानं इतका मोठा सुस्कारा सोडला की खिडकीचा पडदा हलला.

आता थोरल्यालाही धीर आला. तो उभा राहिला. "बाबा, दुपारचं कटिंग मी करत नाही. ही करते. अकरा वर्षं."

थोरलीनं डोळे मिटून घेतले. आता मास्तर खेकसणार, तिला वाटलं.

"मला माहीत आहे," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे?"

"मुंढ्याची गोलाई तुझी नाही. तुझी कात्री मुंढ्यापाशी अडखळते, हिची वळते. मी झोपतो म्हणजे काही मरत नाही."

"मग तर प्रश्नच मिटला," नणंद म्हणाली. "जिचा हात इतका चालतो, तो कापरा कसा?"

"कापरा आहे म्हणून तर कौतुक," मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले. "हात कापतोय आणि तरी एवढं सुबक कापते. मनाची केवढी ताकद असेल! पण ताकदीवर माणूस किती दिवस रेटणार? एखाद्या दिवशी हात आपलं खरं करतोच. दोन तास ठीक आहेत. अख्ख्या दिवसाला टेबल कसं देऊ?"

चांगलं कापलं नसतं तर हात कापरा ठरला असता, चांगलं कापलं तर कापरा असूनही कापलं. थोरलीला रडावं की हसावं कळेना. अकरा वर्षांत तिनं कापलेले सगळे कोट त्या एका ओळीच्या खिशात गेले होते.

"पण त्या दिवशी वहिनींचा हात का कापत होता, ते कुणी विचारलं का?" जावईबापू म्हणाले. "माझी दाढ तरी—"

"मी सांगितलं होतं," थोरली पहिल्यांदाच बोलली, पण नवऱ्याकडे बघून. "यांना सांगितलं होतं. मी बसथांब्यापासून माझ्या मशीनचं डोकं उचलून आणलं होतं. बाराएक किलोचं. आल्या आल्या पाणी दिलं, ते गिऱ्हाइकाच्या राखी कापडावर सांडलं."

"हो, यानं सांगितलं होतं मला," मास्तर म्हणाले. "वजन पडल्यावरच हाताची पारख होते."

तेव्हा सासूबाई, शांत आणि सांगितलेलं ऐकणाऱ्या, पदर खोचून उभ्या राहिल्या. "पहिल्या भेटीवर एवढा विश्वास आहे ना तुमचा? मग पहिली भेट परत करू. सूनबाई, खाली जा. दार लावून घे. घंटा वाजव आणि नव्यानं ये. आम्ही कुणी तुला ओळखत नाही."

"अहो आई, काहीतरीच काय?"

"जा म्हटलं ना."

मास्तरांनी मान डोलावली. "ही स्वतःहून कधी काही सुचवत नाही. सुचवलंय तर करून बघू." त्यांनी वहीचं कोरं पान काढलं.

थोरली खाली गेली. लाकडी जिन्याच्या सोळा पायऱ्या उतरली, रस्त्यावर आली, दार लावून घेतलं आणि स्वतःच्याच घराच्या दारात परकी होऊन उभी राहिली. समोरचा सलूनवाला दाढी करता करता थांबून बघायला लागला. तिनं घंटा वाजवली. वर धावपळ ऐकू आली, मग धाकट्यानं दार उघडलं.

"कोण पाहिजे?"

"भावजी, मीच."

"मीच म्हणजे कोण?" धाकटा कुजबुजला, "आईनं असंच विचारायला सांगितलंय." अनोळखी बाईसमोर उभं राहायचं या कल्पनेनंच तो खरोखर घाबरला होता. तो पाठ भिंतीला घासत बाजूला झाला.

वरच्या खोलीत सगळे फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसले होते. नवऱ्यानं तिच्याकडे बघून इतकं लाजून स्मित केलं की तिला क्षणभर खरंच वाटलं, हा कोण बरं? नणंदेनं विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"सोळा पायऱ्यांचा झाला," थोरली म्हणाली.

"बरी बोलते," जावईबापू म्हणाले, आणि नणंदेनं त्यांना कोपर मारलं.

सासूबाईंनी पेला आणला. काचेचा, ठरल्याप्रमाणे काठोकाठ भरलेला. निदान त्यांनी तसा भरला होता. पण स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत त्यांच्याही नकळत अर्धा मोरीत ओतला गेला होता. थोरल्यानं तो परत नेऊन भरला. पेला थोरलीसमोर आला. मास्तर पुढे झुकले, हातात पेन. थोरलीनं हात पुढे केला आणि पेला धरला.

पेला थरथरला. पाणी काठावरून बोटांवर, बोटांवरून सतरंजीवर सांडलं.

"तोच हात," मास्तर हळूच म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना आनंद झाला नव्हता, उलट चेहरा उतरला होता, पण नजर बरोबर ठरल्याचं समाधानही लपत नव्हतं. "एकवीस वर्षांनी तोच."

थोरलीनं पेला खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं. या हातानं काल दुपारी तिनं रेशमी अस्तर कापलं होतं, श्वास रोखायचीही गरज पडली नव्हती. मग आता याला काय झालं? दुपारी टेबलापाशी कोण नसतं, याचा तिनं विचार केला. आणि उत्तर समोर आरामखुर्चीत बसलं होतं. बारा किलोंच्या वजनाचा थरथराट एका तासात गेला होता. उरलेल्या एकवीस वर्षांचा थरथराट या माणसाच्या भीतीचा होता.

तिनंही पहिल्या दिवशी एक ओळ लिहिली होती, मनात. मशीन उचलून दारात पोचली तेव्हा मास्तर टेबलामागे मोठी कात्री हातात धरून एका गिऱ्हाइकावर गळा फाडून ओरडत होते. तिनं तेव्हाच ठरवून टाकलं: हा माणूस खेकसणारा, कुणाचं ऐकून न घेणारा. तेव्हापासून ती त्यांच्याशी समोरासमोर बोलली नव्हती. टेबल तर सोडाच, साधं मीठ हवं असलं तरी नवऱ्यामार्फत.

तिनं ओला हात पदराला पुसला आणि मान वर केली.

"बाबा," ती म्हणाली. नवऱ्याकडे न बघता. "मला टेबल हवंय."

मास्तरांनी चष्मा काढला. "तुला हवंय?"

"हो. खूप वर्षांपासून."

"मग मागितलं का नाहीस कधी?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं, मग मुलांकडे. "मी ओरडतो?"

सगळे आठवायला लागले. थोरला आठवत राहिला, नणंद आठवत राहिली. धाकट्याला तर जगातल्या प्रत्येक ओरडण्याची तारीख पाठ होती, त्यालाही आठवेना. "बाबा ओरडलेलं मी कधी ऐकलं नाही," तो म्हणाला. "घरात आईच काय ती."

"मी पहिल्या दिवशी स्वतः ऐकलं," थोरली म्हणाली. "टेबलापाशी. एका गिऱ्हाइकाला. 'बाही लांब हवी की आखूड' म्हणून असं ओरडत होतात, की रस्त्यावर ऐकू येत होतं."

मास्तरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "सूनबाई, तो माणूस ठार बहिरा होता."

पहिले जावईबापू हसले. मग नणंद, मग थोरला. सासूबाई हसता हसता बाकावर बसल्या. थोरलीला हसू आलं नाही. एकवीस वर्षं या माणसाच्या प्रत्येक हळू शब्दामागे तिनं दाबलेला राग ऐकला होता. राग नव्हताच. नुसता हळू आवाजाचा एक म्हातारा होता, आणि तिनं त्याला कधी मीठसुद्धा मागितलं नव्हतं. तिला त्याची दया आली, स्वतःचीही आली, आणि डोळे पुसायला लागले.

"खाली चल," मास्तर म्हणाले.

सगळी वरात जिन्यावरून दुकानात आली. मास्तरांनी डाव्या हातानं खणातली मोठी कात्री काढली आणि तिच्यापुढे धरली. "टेबल तुझं."

"मग वहीतली ती ओळ खोडा, बाबा," नणंद म्हणाली.

"ओळ कशी खोडणार? आत्ताच तर सगळ्यांनी बघितलं, हात कापरा आहे." मग ते थोरलीकडे वळले. "आहे तर आहे. तुला हवंय ना? मागितलंस, दिलं. सांभाळून काप म्हणजे झालं."

नणंद वाद घालायला सरसावली, जावईबापूंनी तोंड उघडलं. थोरलीनं दोघांना हातानंच थांबवलं. कात्री तिच्या हातात होती. ओळीचं पुढे बघता येईल.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा थोरली टेबलामागे उभी होती. मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मशीनवर थोरला, कटिंगच्या धास्तीतून सुटल्यामुळे शीळ घालत होता. समोरचा सलूनवाला दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा सावली पडली ती एका अनोळखी माणसाची, पन्नाशीचा, काखेत कापडाचं पुडकं. तो गावात नवीन असावा. त्यानं आत नजर फिरवली. खुर्चीतल्या म्हाताऱ्याला बघितलं, मशीनवरच्या पुरुषाला बघितलं, आणि कुणाला काही न विचारता सरळ टेबलापाशी आला.

"मास्तर," तो थोरलीला म्हणाला, "मुलीचं लग्न आहे. पंधरा दिवसांत कोट होईल का?"

मशीनवरची शीळ थांबली. त्या माणसाला आपण काही विशेष बोललो याची कल्पनाच नव्हती, तो पुडक्याची दोरी सोडत होता. दोरी त्यानं नीट गुंडाळून खिशात ठेवली. चिकट दिसतो, बटणाबटणाला घासाघीस करणार, असं थोरलीच्या मनात येऊन गेलंच.

"छाती अडतीस," खुर्चीतून हळू आवाज आला. "कंबर छत्तीस. बाही—"

"बाबा, थांबा जरा," थोरली म्हणाली. हे तिनं न अडखळता म्हटलं. गळ्यातली टेप काढून ती टेबलाला वळसा घालून पुढे आली. "हात वर करा हो. मोजून बघते."

टेप छातीभोवती फिरली. "साडेचाळीस."

थोरल्याचा पाय मशीनवरच थांबला. मास्तरांनी चष्मा लावला, त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, परत बघितलं.

"आणखी एकदा बघ," ते म्हणाले.

तिनं टेप पुन्हा लावली. साडेचाळीसच भरली.